हातातली चांदी

चांदीचे पेन साध्या पेनापेक्षा चांगले लिहिते, असे मुळीच नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. फाउंटन पेनात लिहिण्याचे काम निब करते आणि तिला शाई पुरवते ती तिच्याखालची जीभ. निब १४ किंवा १८ कॅरट सोन्याची, नाहीतर पोलादाची असते. तिच्या टोकाला सहजी न झिजणाऱ्या मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो. चांदी असते ती टोपणाला आणि मागच्या नळीला, आणि तिथे शाई पोचतच नाही. तेव्हा अक्षर सुंदर यावे म्हणून कोणी स्टर्लिंग चांदीचे पेन घेणार असेल, तर त्याने ते पैसे चांगल्या निबेवर खर्च करावेत.

तरीही शंभराहून अधिक वर्षे माणसे चांदीची पेने घडवत आली, पैसे साठवून ती घेत आली, खिशाला लावून कामावर जात आली. या ओढीत दिखाऊपणाचा भाग असेल, पण तेवढ्याने तिचा उलगडा होत नाही. दिखाऊपणाला सोने जास्त सोयीचे. मला जे उत्तर सापडले ते असे की चांदी हा वापराने खुलणारा धातू आहे, आणि आपण मात्र तिला वापरापासून दूर ठेवत आलो आहोत. आपल्या घरांत चांदी असते. पण निरांजन आणि ताम्हन देव्हाऱ्यात, अत्तरदाणी आणि गुलाबदाणी लग्नकार्यापुरती बाहेर, बाळाचे वाळे डबीत, बाकीचे सगळे लॉकरमध्ये. अंगावर रोज राहणारी चांदी म्हणाल तर पायातली जोडवी आणि पैंजण, तेही कमरेखाली सोने घालायचे नाही म्हणून. हातात धरून रोज काम करावे अशी चांदीची वस्तू शोधायला गेलो, तर पेनाशिवाय फारसे काही हाती लागत नाही. हे पुस्तक अशा कामाला लावलेल्या चांदीविषयी आहे.

शुद्ध चांदीचे पेन होऊ शकत नाही. ती इतकी मऊ असते की पातळ नळी बोटांच्या दाबाने वाकेल आणि टोपणाचे आटे चार दिवसांत झिजतील. म्हणून तिच्यात हीण घालावे लागते. शंभर भागांत साडेब्याण्णव भाग चांदी आणि उरलेले साडेसात भाग बहुधा तांबे, हे स्टर्लिंगचे प्रमाण. तांब्याने धातूला कणखरपणा येतो आणि चांदीचा पांढरा रंगही टिकतो. इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्ड राजाने १३०० साली कायदा करून हे प्रमाण बंधनकारक केले आणि कस तपासलेल्या वस्तूवर बिबट्याचे मस्तक ठोकण्याची पद्धत सुरू केली. १४७८ पासून लंडनमध्ये वर्ष दाखवणारे अक्षर आले, १५४४ पासून चालणारा सिंह आला. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड इथे कस तपासणारी कार्यालये निघाली, तेव्हा बर्मिंगहॅमने नांगराची खूण घेतली. हा शेतातला नव्हे, जहाजाचा नांगर. समुद्रापासून दूर असलेल्या शहराने तो का निवडला याच्या कथा बऱ्याच आहेत, खात्रीची एकही नाही.

या खुणा मोहरीएवढ्या असतात. भिंगाखाली धरल्या की सिंह सांगतो धातू कोणता, नांगर सांगतो गाव कोणते, अक्षर सांगते वर्ष कोणते आणि शेजारची आद्याक्षरे सांगतात कारागिराची पेढी. जुन्या बाजारात बेवारस पडलेल्या इंग्रजी पेनाचे जन्मगाव आणि जन्मसाल अशा रीतीने कळते. प्लास्टिकचे पेन कितीही देखणे असो, त्याचा इतका पक्का जन्मदाखला त्याच्या अंगावर नसतो. अमेरिकेत सरकारी तपासणीची अशी परंपरा नव्हती, तिथे कारखानदार स्वतःच ‘स्टर्लिंग’ हा शब्द कोरत. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने चांदीसाठी जे कस ठरवले आहेत, त्यांत ९२५ हा एक आहे. पेन घेताना हा आकडा, किंवा तो शब्द, किंवा त्या खुणा शोधाव्यात. नुसत्या ‘सिल्व्हर’ या शब्दावर जाऊ नये. त्या नावाने विकली जाणारी पुष्कळ पेने पितळेची असतात आणि त्यांवर चांदीचा मुलामा असतो. मुलामा वाईट असतो असे मी म्हणत नाही, पण तो झिजला की खालचे पितळ दिसू लागते. भरीव चांदी झिजली तरी खाली चांदीच असते.

स्टर्लिंग हे नाव परके वाटले तरी जवळपास त्याच कसाची चांदी आपल्या आजोबा-पणजोबांच्या कनवटीला होती. १८३५ साली कंपनी सरकारने जो रुपया ठरवला, त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम होते आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी होती. टक्क्यांत मांडले तर ९१.६७. राणी छाप रुपया आणि लंडनमध्ये घडलेले पेन यांच्या कसात टक्क्याचाही फरक नाही. हा रुपया दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकला. १९४० साली त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली निकेलचा रुपया निघाला. लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजही जे जुने रुपये मांडले जातात, ते एकदा तळहातावर घेऊन बघावेत. त्यांचा थंडपणा, वजन आणि पुसट होत गेलेले राणीचे नाक या तिन्ही गोष्टी चांदीच्या पेनाला समजून घेताना उपयोगी पडतात.

थंडपणाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. सगळ्या धातूंत चांदी उष्णता सर्वांत चांगली वाहून नेते. स्टेनलेस स्टीलच्या वीसपटीहून अधिक. सकाळी टेबलावरचे चांदीचे पेन उचलले तर ते गार लागते, आणि पहिला परिच्छेद संपेपर्यंत हाताइतके ऊबदार होते. प्लास्टिक ना गार लागते ना तापते, पोलाद बराच वेळ गारच राहते. लिहिणाऱ्याला हा फरक शब्दांत सांगता येत नसला तरी बोटांना तो कळतो. वजनाचेही तसेच. चांदी पाण्याच्या दहापटीहून जड, त्यामुळे कागदाइतक्या पातळ पत्र्याची नळीसुद्धा आपले अस्तित्व जाणवून देते. कुणाला हे वजन आवडते, कुणाचा अंगठा अर्ध्या तासात दुखू लागतो. बारीक हाताच्या माणसाने टोपण मागे न लावता लिहून बघावे. बहुतेकांचा त्रास तिथेच मिटतो.

चांदी पेनावर आली ती आधी पोशाख म्हणून. न्यू यॉर्कच्या लुईस वॉटरमनने १८८४ साली शाईचा प्रवाह आवरणाऱ्या फीडचे, म्हणजे निबेखालच्या जिभेचे, पेटंट घेतले आणि फाउंटन पेन भरवशाचे झाले. त्या काळची पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असत. काळीभोर, हलकी, आणि दिसायला अगदी साधी. त्यावर चांदीच्या जाळीचे आवरण चढवण्याची कल्पना निघाली आणि पुढची तीसेक वर्षे अमेरिकेतल्या सोनारांनी तिच्यावर आपले कसब ओतले. वेली, पाने, फुले, भौमितिक नक्षी. चांदीच्या फटींतून खालचा काळा एबोनाइट दिसतो आणि नक्षी त्यामुळेच उठते. पार्कर कंपनीने एक पेन काढले, त्यावर चांदीचा साप नळीभोवती आणि टोपणाभोवती वेटोळे घालून बसलेला आहे आणि त्याचे डोळे हिरवे आहेत. संग्राहकांच्या जगात आज त्याला राजाचा मान आहे. मला मात्र तो साप हातात धरून पत्र लिहावेसे कधी वाटले नाही. वॉटरमनची साधी जाळीची पेने मला अधिक जवळची वाटतात, आणि त्यांच्या क्रमांकांची शिस्तही. १९२० च्या दशकातल्या पेनावर ४५२ हा आकडा असेल तर चार म्हणजे स्टर्लिंग चांदी, पाच म्हणजे बाजूच्या लिव्हरने शाई भरायची सोय, आणि दोन म्हणजे निबेचा आकार. तीन अंकांत सगळे पेन सांगून झाले.

या पेनांची एक अडचण त्यांच्या रचनेतच होती. एबोनाइटमध्ये गंधक, आणि गंधक हा चांदीचा जुना वैरी. त्यामुळे ही चांदी बाहेरच्या हवेने काळवंडते तशी आतल्या बाजूनेही काळवंडते. त्यातून उन्हाने आणि पाण्याने एबोनाइट तपकिरी पडतो. जुने आवरणाचे पेन पाण्यात बुडवून धुऊ नये, हा नियम यातून आला.

आता या पुस्तकातल्या मुख्य पेनाकडे येतो. जॉर्ज सॅफर्ड पार्करने १८८८ साली विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल गावात पेन कंपनी काढली. १९६३ साली तिला ७५ वर्षे झाली आणि त्या निमित्ताने जे पेन आले त्याचे नाव पार्कर ७५. जॉर्जचा मुलगा केनेथ पार्कर याच्याकडे चांदीची एक सिगारेट-केस होती, तिच्यावर आडव्या-उभ्या रेघांची बारीक चौकट कोरलेली होती. ती नक्षी त्याने पेनावर आणली. नळी आणि टोपण दोन्ही स्टर्लिंगचे, किंमत २५ डॉलर. बॉलपेनने बाजार व्यापलेल्या काळात शाईच्या पेनासाठी एवढे पैसे मागणे हे धाडस होते, आणि ते फळले. वेगवेगळ्या रूपांत हे पेन तीस वर्षे निघत राहिले.

पार्कर ७५ ची नक्षी मला या सगळ्या विषयाचे मर्म वाटते. नवे असताना ते पेन एकसारखे चकाकते आणि चौकटी नीट वाचताही येत नाहीत. वापरायला लागले की खाचांमध्ये चांदी काळी पडत जाते, कारण तिथे बोट पोचत नाही; आणि खाचांमधले उंच चौकोन बोटांच्या घासण्याने उजळ राहतात. दोन-चार महिन्यांनी काळ्या रेघांत बसवलेले शुभ्र चौकोन डोळ्यांत भरू लागतात. नक्षी कारखान्यात कोरली जाते आणि मालकाच्या हातात पुरी होते. केनेथ पार्करने आपल्या सिगारेट-केसवर हे घडताना पाहिलेच असणार, कारण खिशातली चांदी तशीच वागते. या पेनाची पकड तीन बाजूंनी सपाट आहे, आणि निब फिरवून आपल्या हाताच्या कलाप्रमाणे बसवता यावी म्हणून पकडीच्या पुढच्या कड्यावर बारीक रेघा आखून मधोमध शून्याची खूण केली आहे. म्हणजे निब तुमच्या हाताला जुळवून घेते आणि चांदीही. हे दोन्ही एकाच पेनात आणणाऱ्यांना लिहिणाऱ्याच्या हाताविषयी खरी आस्था होती, असे मला मनापासून वाटते.

ही वेळही लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतली पाव डॉलरची आणि दहा सेंटची नाणी तोपर्यंत ९० टक्के चांदीची होती. १९६५ च्या नाणेकायद्याने त्यांतली चांदी गेली. म्हणजे माणसांच्या खिशांतून चांदीची नाणी हद्दपार होत असताना चांदीचे पेन त्याच खिशात शिरत होते.

त्याच १९६५ साली पार्करने आणखी एक गोष्ट केली. २४ जुलै १७१५ रोजी स्पॅनिश जहाजांचा एक ताफा हवानाहून मायदेशी निघाला. पोटात अमेरिकेतल्या खाणींची चांदी आणि टांकसाळींची नाणी. ३१ जुलैला फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ चक्रीवादळाने त्याला गाठले आणि अकरा जहाजे फुटली. हजाराच्या आसपास माणसे बुडाली असे मानतात. अडीचशे वर्षांनी किप वॅगनर आणि त्याच्या साथीदारांनी त्या किनाऱ्यालगत वाळूतून नाणी वर काढली. त्यातली काही चांदी पार्करने विकत घेतली, वितळवली आणि तिची ४,८२१ पेने केली. ती आज दुर्मीळ आहेत आणि त्यांच्या किमतीही तशाच. काहींना ही जाहिरातबाजी वाटते, आणि ती होतीही. पण त्या चांदीचे जे झाले तेच चांदीचे नेहमी होत आले आहे. त्या खाणींतली चांदी जहाजाजहाजाने सुरतेलाही येत होती. सतराव्या शतकात स्पॅनिश रियाल सुरतेच्या टांकसाळीत वितळून मोगली रुपये बनत. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली ज्या सुरतेवर स्वारी केली, तिच्या श्रीमंतीत मेक्सिको आणि पोतोसीच्या खाणींचा मोठा वाटा होता. आपल्या घरातल्या करंड्याची चांदी कुठून कुठून फिरून आली असेल, हे कुणाला ठाऊक? पार्करच्या त्या पेनांच्या बाबतीत निदान एक मुक्काम नक्की सांगता येतो.

इंग्लंडमध्ये हा व्यवसाय छोट्या प्रमाणावर, पण फार जिव्हाळ्याने चालला. तिथे चांदीची परंपरा पेनाआधी पेन्सिलींची. १८२२ साली सॅम्पसन मॉर्डन आणि जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी शिसे पुढे सरकवणाऱ्या पेन्सिलीचे पेटंट घेतले आणि मॉर्डनच्या चांदीच्या पेन्सिली साहेबांच्या कोटांत दिसू लागल्या. पुढे १९३४ साली यार्ड-ओ-लेड निघाली. तिच्या पेन्सिलीत तीन-तीन इंचांची बारा शिसे मावत, म्हणजे बरोबर एक यार्ड. पुढे तिने पेनेही केली. त्यांवर हाताने ठोकून उठवलेली फुलापानांची नक्षी असते आणि त्या मोहरीएवढ्या खुणांची रांग. जपानमध्ये पायलट कंपनीने वेगळी वाट धरली. चांदी मुद्दाम काळवंडून घ्यायची, ज्याला तिथे इबुशी म्हणतात, आणि मग उंचवटे घासून उजळायचे. पार्करने वापरणाऱ्यावर सोपवलेले काम जपानी कारागीर स्वतः सुरू करून देतो. इटालियन आणि जर्मन कंपन्यांच्या मर्यादित आवृत्त्यांवर मी या पुस्तकात मोजकीच पाने खर्च केली आहेत. त्यांतली बरीचशी पेने खोक्यातून बाहेर यायची नाहीत याच बेताने बनवलेली असतात, आणि माझा विषय तो नाही.

काळवंडण्याची तक्रार प्रत्येक चांदीवाल्याच्या कानावर येते. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेल्या हायड्रोजन सल्फाइडशी चांदीचा संयोग होऊन वर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. तो आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर होते. रबर बँड, लोकरीचे कापड, वर्तमानपत्राचा कागद यांत गुंडाळून ठेवले तर आणखी लवकर. गंमत अशी की कपाटात जपून ठेवलेले पेन काळे पडते आणि रोज खिशात जाणारे उजळ राहते, कारण हातांचा आणि कापडाचा घासा थर जमूच देत नाही. ज्याला पेन काही काळ ठेवूनच द्यायचे असेल, त्याने ते कोरडे करून, मऊ सुती कापडात गुंडाळून, हवाबंद पिशवीत खडूचा एक तुकडा घालून ठेवावे.

साफ करण्याच्या आपल्या घरगुती रीती पेनाला घातक आहेत, हे मी जितक्या वेळा सांगता येईल तितक्या वेळा सांगतो. निरांजनाला रांगोळी किंवा टूथपेस्ट चालते, पेनाला नाही. त्यांतले कण नक्षीच्या कडा खाऊन टाकतात आणि त्या पुन्हा आणता येत नाहीत. चिंच-लिंबाचे आंबट पाणी आटेफटींतून आत शिरते. ॲल्युमिनियमचा कागद आणि खायचा सोडा घालून गरम पाण्यात बुडवायची युक्ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने सुंदर आहे, सल्फाइडचे पुन्हा चांदीत रूपांतर होते. पण तिने खाचांतला काळेपणाही जातो आणि वर्षांचे काम दहा मिनिटांत पुसले जाते. मऊ सुती कापड, कोरडे, हलक्या हाताने, एवढेच पुरे. पोच आला असेल तर पेन ओळखीच्या सोनाराकडेही थेट देऊ नये. पुष्कळ पेनांत चांदीच्या आत प्लास्टिकचे किंवा पितळेचे अस्तर असते आणि डागाच्या आचेत ते टिकत नाही. हे काम पेनदुरुस्तीचा हात असलेल्या माणसाचे आहे.

जुन्या पेनांवर पुष्कळदा नावे असतात. आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि तारीख घालून घ्यायची रीत होती, तशीच ही. निवृत्तीला, पदवीला, लग्नाला दिलेली पेने. टोपणावर आद्याक्षरे, क्वचित पुरे नाव. विक्रेते ती घासून काढतात, कारण नाव असलेल्या पेनाला गिऱ्हाईक कमी. घासलेल्या जागी पत्रा पातळ होतो, नक्षी खंडित होते आणि प्रकाशात तिरके धरले की खळगा दिसतो. नाव असलेले पेन मी आनंदाने घेतो. आधीच्या मालकाने ते दहा-वीस वर्षे हातात धरले, त्याच्या बोटांनी चौकोन उजळले, त्याच्या पकडीने निबेचा मणी एका बाजूने झिजला. त्याचे नाव तेवढे पुसून टाकण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

पुस्तकाची मांडणी पेनांच्या वयाप्रमाणे आहे. आधी धातू आणि खुणा, मग आवरणाची पेने, मग इंग्लंड, मग पार्कर ७५ वर दोन मोठी प्रकरणे, शेवटी जपान आणि आजचे कारखाने. दुरुस्ती आणि देखभालीचे प्रकरण परिशिष्टासारखे शेवटी टाकण्याचा विचार होता, तो मी सोडला आणि ते दुसऱ्या क्रमांकावर आणले. घरात आजोबांचे किंवा आत्याचे एखादे काळवंडलेले पेन सापडले म्हणून ज्यांनी हे पुस्तक हातात घेतले असेल, त्यांनी थेट त्या प्रकरणाकडे जावे आणि ते वाचून होईपर्यंत पेनाला काहीही लावू नये. ज्यांना नवे घ्यायचे आहे त्यांनी पार्कर ७५ ची दोन प्रकरणे आधी वाचावीत: जुन्या बाजारात ते पेन अजून मिळते, नीट वापरलेले मिळाले तर निब कित्येकदा नव्याइतकी चांगली असते, आणि टोपणाच्या काठाशी ‘स्टर्लिंग’ हा शब्द स्पष्ट वाचता येतो की नाही हे तपासायला भिंगाचीही गरज पडत नाही.